पेटती तलवार आणि महागाई भत्ता

तलवारीला आग लागली तर तिची धार शाबूत राहते की आगीतच जमा धरायची, हा प्रश्न चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. बाकी बरेच आले. रजेवर असताना बदली झालेल्या माणसाने रुजू व्हायचं कुठे? निलंबित शिपायाचा धुलाई भत्ता चालू ठेवायचा का? (कपडे मी घरीसुद्धा घालतोच, असं त्याचं लेखी म्हणणं होतं.) पण तलवारीचं प्रकरण आलं ते निवृत्तीनंतर, आणि तेही शिकागोच्या एका उपनगरात, माझ्या सुनेच्या जेवणाच्या टेबलावर.

मी एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत होतो. साहेब येतात, साहेब जातात; पण 'हे नियमात बसतं का हो?' म्हणून ज्या टेबलाकडे बोट जातं, ते टेबल माझं. महाराष्ट्र नागरी सेवा नियम निघाले १९८१ साली आणि मी नोकरीला लागलो त्यानंतर तीनच वर्षांनी. तेव्हा आम्ही दोघं बरोबरीनेच म्हातारे झालो म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की त्यांच्यात अधूनमधून सुधारणा होत गेल्या.

ही गेल्याला आता पाच वर्षं झाली. तेव्हापासून वर्षातले पाच-सहा महिने मी चिरंजीवांकडे अमेरिकेत असतो. चिरंजीव दिवसभर संगणकापुढे, सूनबाई दवाखान्यात आणि नातू शाळेत. नातवाचं पासपोर्टवरचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण मी त्याला बंड्या म्हणतो. बंड्याचं वय तेरा. या वयात मुलं फार बोलत नाहीत म्हणतात. माझ्या वाट्याला दिवसाला चार वाक्यं यायची : 'हाय आजोबा', 'आय ॲम गुड', 'जेवलो' आणि 'गुड नाइट'. शनिवारी मात्र घरात इतका आरडाओरडा व्हायचा, की पहिल्या शनिवारी मी भांडण सोडवायला धावलो होतो.

टेबलाभोवती पाच पोरं. मध्ये चौकटींचा नकाशा, त्यावर अंगठ्याएवढी माणसं आणि राक्षस. फासे तर असे, की शकुनीमामाने बघितले असते तर कुरुक्षेत्रापर्यंत वेळच आली नसती. तो तिथेच खेळत बसला असता. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, आणि सगळ्यांचा राजा म्हणजे वीस बाजूंचा. एक चष्मेवाला मुलगा पुठ्ठ्याच्या पडद्यामागे बसून सगळ्यांना गोष्ट सांगतो. त्याला म्हणतात डी.एम. मी म्हटलं, "म्हणजे कलेक्टर?" बंड्या म्हणाला, "नो आजोबा, डंजन मास्टर." पण जरा वेळ बघितल्यावर लक्षात आलं की माझं फारसं चुकलं नव्हतं. पाऊस कधी पडणार, पूल कधी कोसळणार, राक्षस कोणाच्या अंगावर जाणार, सगळं त्याच्या सहीने. बाकीच्यांनी फक्त 'मी दार उघडतो' म्हणून अर्ज करायचा. मंजूर होईल की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगतो.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. हा जन्मला या भागातच. इथून दीड-दोन तासांवर विस्कॉन्सिनमध्ये लेक जिनीव्हा नावाचं तळ्याकाठचं टुमदार गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स नावाच्या गृहस्थाने डेव्ह आर्नेसन या दुसऱ्या गृहस्थाबरोबर १९७४ साली हा खेळ काढला. एका खोक्यात तीन बारकी पुस्तकं, किंमत दहा डॉलर, छापल्या प्रती एक हजार. पहिल्याच आवृत्तीत जादूच्या तलवारींना अक्कल आणि अहंकार होता, आणि त्याला आकडे होते. तलवारीचा अहंकार मालकापेक्षा भारी पडला तर ती मालकाला आपल्या मनाप्रमाणे फिरवते! हे वाचल्यावर त्या गायगॅक्सविषयी मला एकदम आपलेपणा वाटायला लागला. साहेबाला फिरवणारे हेडक्लार्क मी स्वतः पाहिले आहेत.

आता प्रकरण काय झालं ते सांगतो.

एका शनिवारी आरडाओरडा नेहमीपेक्षा मोठा झाला आणि मग एकदम थांबला. चष्मेवाल्याने पडदा मिटला, फासे पिशवीत कोंबले आणि आईला फोन लावला. बंड्या जिना चढून वर गेला आणि दार आपटलं. बाकीचे दोघे गुपचूप बूट घालायला लागले. एक मुलगी तेवढी टेबलाशी तशीच बसून राहिली. ती त्यांच्यात नवीन. सूनबाई म्हणाली, ही पोरगी याच वर्षी या गावात आली, शाळेत कुणाशी बोलत नाही, आठवड्यात एकदा इथे येऊन बोलते. तिचं खेळातलं सोंग क्लेरिकचं. म्हणजे अर्धा पुजारी, अर्धा वैद्य आणि वेळ पडली तर सोट्याने हाणामारी. ते सोंग तिने आठ महिने घेतलेलं. आणि त्या घडीला ते नकाशावर एका राक्षसाच्या पायाशी बेशुद्ध पडलं होतं, जगतंय की मरतंय ते ठरायच्या आतच खेळ मोडला.

पुढचा शनिवार सुना गेला. त्याच्या पुढचाही. माझ्या चार वाक्यांची दोन झाली.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, बंड्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात दोन जाडजूड पुस्तकं.

"आजोबा, तू रूल्सचा एक्स्पर्ट होतास ना? बाबा म्हणाला."

(हा पोरगा मला 'तू' म्हणतो. इंग्रजीत सगळ्या जगाला मिळून एकच 'यू' असल्यावर त्याने तरी किती मराठी सर्वनामं सांभाळायची!)

मी चष्मा पुसला. निवृत्तीनंतर सात वर्षांनी कोणीतरी फाईल घेऊन आलं होतं. खोटं कशाला सांगू, हात जरा थरथरले.

"बस," म्हटलं. "आधी वस्तुस्थिती सांग. मत नंतर."

वस्तुस्थिती अशी : राक्षस होता ट्रोल जातीचा. ट्रोलची खोड ही की त्याला जखम केली तरी ती भरून येते. दर खेपेला दहा हिट पॉइंट त्याला परत मिळतात. हिट पॉइंटला मी 'प्राण' म्हणतो. ट्रोलला असे ८४ प्राण. म्हणजे आपला जरासंधच. दोन फाकळ्या केल्या तरी पुन्हा जुळायचा. शेवटी कृष्णाने काडी चिरून दोन बाजूंना उलटसुलट टाकून दाखवली तेव्हा भीमाच्या डोक्यात प्रकाश पडला. इथे काडी चिरायची गरज नाही, काडी ओढली की झालं. ट्रोलला आगीची किंवा ॲसिडची जखम झाली तर पुढच्या खेपेला त्याची भरपाई बंद. आणि बंड्याच्या योद्ध्याकडे होती 'फ्लेम टंग' नावाची पेटती तलवार. ट्रोलचे २८ प्राण उरलेले. बंड्याने वीस बाजूंचा फासा टाकला आणि पडले बरोबर वीस! वीस पडले की घाव दुप्पट. सगळे नाचायला लागले. तेवढ्यात चष्मेवाला म्हणाला, "तलवारीचा घाव दुप्पट, आग दुप्पट नाही. ट्रोल दोन प्राणांवर जिवंत आहे."

मी म्हटलं, "पुस्तकं ठेव इथे. दोन दिवसांनी ये."

त्या दोन रात्री मी पहाटेपर्यंत वाचत होतो. वाचकहो, ज्याने रजा नियम वाचले आहेत त्याला जगात काहीही वाचता येतं. आणि हे तर रंगीत चित्रं असलेले नियम! जादूच्या हत्यारांचा कारभार मला जो समजला तो थोडक्यात सांगतो. पुढेमागे कोणाचा नातू दारात उभा राहिला तर उपयोगी पडेल.

सर्वांत साधी जादू म्हणजे '+१'. नुसती '+१ तलवार'. ती पेटत नाही, बोलत नाही, चमकतेच असंही नाही. घाव लागतो की नाही हे बघायला फासा टाकाल त्यात एक मिळवायचा, आणि लागलाच तर जखमेच्या आकड्यातही एक मिळवायचा. दोन्हीकडे. पोरं एकीकडे मिळवतात आणि दुसरीकडे विसरतात. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे शेकडा पाच. एरवी वीसपैकी तेरा वेळा लागणारा घाव आता चौदा वेळा लागणार. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वार्षिक वेतनवाढही ऐकायला किरकोळच असायची. ती एका वर्षी अडली की माणूस साहेबाच्या केबिनबाहेर कसा घुटमळतो, ते मी बघितलं आहे.

दुसरी गोष्ट : '+१' नाही म्हणून तलवार जादूची नाही, असं समजू नये. फ्लेम टंगला एकसुद्धा अधिक नाही. २०१७ सालच्या एका पुस्तकात अशीही तलवार आहे, की जी अंधारात नुसता चांदण्यासारखा उजेड पाडते, बाकी कवडीचं काम करत नाही. पण जादूची ती जादूचीच. २०१४ च्या नियमांत लांडग्याचं रूप घेणारा जो माणूस आहे, त्याला साध्या पोलादाने ओरखडाही उठत नाही. एक तर हत्यार चांदी चढवलेलं हवं नाहीतर जादूचं. त्याच्यावर ही कंदिलासारखी तलवार चालते आणि शेजारच्या मोठ्या पैलवानाची साधी फरशी चालत नाही. हुद्दा महत्त्वाचा, काम नव्हे. २०२४-२५ मध्ये नवी पुस्तकं आली त्यांत ही भानगड बरीचशी काढून टाकली आहे. सुधारणा म्हणायची.

तिसरी गोष्ट चार्जची. चांगली तलवार सापडली म्हणजे लगेच आपली होत नाही. तिच्याशी तासभर शांत बसून सूत जुळवावं लागतं. त्याला ते 'अट्यूनमेंट' म्हणतात. मी बंड्याला सांगितलं, याला आमच्याकडे 'चार्ज घेणे' म्हणायचे. तलवार हातात असेल, पण चार्ज घेतल्याची नोंद नसेल तर तिची खास शक्ती चालत नाही. एका वेळी तीनच वस्तूंचा चार्ज ठेवता येतो. आणि शंभर फुटांपेक्षा लांब, चोवीस तास टाकून गेलात तर चार्ज आपोआप संपला! आमच्याकडे एक भांडारपाल निवृत्त होऊन, वारून, तेराव्याचं जेवण झालं तरी सतरा खुर्च्यांचा चार्ज त्याच्याच नावावर होता. त्या मानाने हा कारभार फारच पुढारलेला.

'व्हॉर्पल' नावाची एक तलवार आहे. नाव आलं ते लुईस कॅरलच्या १८७१ सालच्या पुस्तकातल्या एका निरर्थक कवितेतून. कवितेला अर्थ नाही, पण तलवारीला चोख नियम आहे. वीस पडले की ती मुंडकं उडवते. नियमाची भाषा बघा : ज्याला निदान एक डोकं आहे अशा प्राण्याचं 'एक' डोकं उडतं, आणि त्या डोक्याशिवाय तो जगू शकत नसेल तर मरतो. मी तिथे पेन्सिलीने 'रावण?' असं लिहिलं. रामाला ही तलवार दिली असती तरी दहा वेळा वीस पाडावे लागले असते. ज्याला डोकं नाही किंवा डोक्याची गरज नाही त्याच्यावर ही तलवार तसं काही करत नाही, असंही पुढे स्पष्ट म्हटलं आहे. इथे कोणाचंही नाव मी घेत नाही.

आता पेटती तलवार. हिला एक परवलीचा शब्द असतो. तो उच्चारला की पात्यातून ज्वाळा निघतात. चाळीस फूट लख्ख उजेड, पुढे आणखी चाळीस फूट मिणमिणता. आणि घाव बसला की तलवारीच्या नेहमीच्या जखमेवर 'एक्स्ट्रा' सहा बाजूंचे दोन फासे आगीचे. सगळी गोम या एक्स्ट्रा शब्दात. तलवार आगीची होत नाही. ती पोलादाचीच राहते, आग वरकड. म्हणून जो ड्रॅगन आगीतच राहतो, आगीला भीक घालत नाही, त्याला या तलवारीची आग शून्य. पण पातं कापायचं तेवढं कापतंच. मूळ वेतन वेगळं, भत्ता वेगळा. भत्ता बंद झाला म्हणून कोणी मूळ वेतन रोखत नाही.

परवलीच्या शब्दाबद्दल एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे हे नवीन नाही. कर्णाला परशुरामाचा शाप होता तो हाच, की ऐन वेळी मंत्र आठवणार नाही. आणि इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरायची होती, ती घटोत्कचावर खर्ची पडली. नियम वाचताना मला राहूनराहून वाटत होतं, व्यासांनी या पोरांचा डी.एम. म्हणून मस्त काम केलं असतं.

मग दुप्पट कशाकशाचं? इथे खरी गाठ होती आणि ती सुटली दुसऱ्या पुस्तकात. ते जुनं पुस्तक बंड्याने मुद्दाम मागून आणलं होतं. ते चष्मेवाल्याच्या वडिलांचं. ते पण तरुणपणी हा खेळ खेळत. खेळाची तिसरी आवृत्ती २००० साली निघाली आणि २००३ साली तिच्यात दुरुस्त्या करून जी निघाली तिला म्हणतात 'साडेतीन'. आता साडेतीन म्हटल्यावर मी सावध झालो. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन. हे पुस्तकही तसंच शहाणं. त्यात जादूची सगळी दरसूचीच दिली आहे. आधी तलवार किमान +१ असल्याशिवाय तिला आग लावता येत नाही. म्हणजे मूळ वेतन निश्चित झाल्याशिवाय भत्ता नाही! नुसत्या +१ ला दोन हजार सोन्याची नाणी, +२ ला आठ हजार, +३ ला अठरा हजार. आकड्याचा वर्ग करायचा आणि दोन हजारांनी गुणायचं; तलवार घडवायचे पैसे वेगळे. आग ही '+१ च्या बरोबरीची' धरतात, म्हणून +१ आणि पेटती अशी तलवार घ्यायची तर किंमत +२ ची, आठ हजार. पण फाशात मिळवायचा मात्र एकच. यावरून जितकी भांडणं झाली असतील तितकी आमच्याकडे वेतननिश्चितीवरूनही झाली नसतील. आणि सगळं मिळून +१० च्या वर जायचं नाही. कमाल मर्यादा! वाचता वाचता मला कचेरीतल्या पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

तर या साडेतीनच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे : घाव दुप्पट झाला तरी वरकड फासे दुप्पट होत नाहीत. योद्ध्याच्या ताकदीचे आकडे मात्र दुप्पट होतात. आणि २०१४ च्या पुस्तकात, पान १९६ वर, नेमकं उलटं : घावाचे सगळे फासे दुप्पट टाकायचे, वरकडसुद्धा, पण ताकदीचा आकडा एकदाच.

मी हिशेब मांडला. तलवारीचे फासे पडले होते ५ आणि ६, बंड्याच्या योद्ध्याची ताकद ४. आगीचे फासे ३, ४, २, ५. साडेतीनप्रमाणे ११ अधिक ८ म्हणजे १९, आणि आगीचे पहिले दोनच फासे म्हणजे ७, एकूण २६. ट्रोल दोन प्राणांवर जिवंत. २०१४ प्रमाणे ११ अधिक ४ म्हणजे १५, आणि आग सगळी १४, एकूण २९. ट्रोल खलास, आणि आगीने मेल्यामुळे पुन्हा उठायचा प्रश्न नाही.

म्हणजे दोघंही खरं बोलत होते. चष्मेवाला काही लबाडी करत नव्हता. वडिलांनी शिकवलेला नियम पोरगा वडिलांच्या निष्ठेने सांगत होता. अशा भांडणाचं फार अवघड असतं. लबाड माणसाला नियम दाखवला की तो गप्प बसतो. प्रामाणिक माणसाला दाखवला की त्याला वाटतं, आपल्या बापाला खोटं ठरवलं.

शुक्रवारी बंड्या आला. मी पहिला प्रश्न विचारला, "तुमचा खेळ कोणत्या वेतन आयोगाखाली चालतो?"

"काय?"

मग मी त्याला समजावलं. बाबा रे, पाचव्या आयोगाचा माणूस १ जानेवारी १९९६ पासून, सहाव्याचा १ जानेवारी २००६ पासून. दोघांचे नियम आपापल्या जागी बरोबर. पण पगार सहाव्याने घ्यायचा आणि महागाई भत्ता पाचव्याच्या कोष्टकाने, असं चालत नाही. तुम्ही खेळ सुरू केला तेव्हा टेबलावर कोणतं पुस्तक होतं?

"दोन हजार चौदा," बंड्या म्हणाला. आणि मग, जरा वेळाने, "ओह."

"मग मी त्याला मेसेज करतो, की तू राँग आहेस."

"काही करू नकोस," मी म्हटलं. "टिपणी ठेवू."

टिपणी मी मराठीत लिहिली, बंड्याने इंग्रजी केली. चौतीस वर्षांत लिहिलेल्या टिपण्यांमध्ये ही मला सगळ्यांत आवडते, म्हणून तिचा मुख्य भाग देतो :

'विषय : ट्रोल या राक्षसावर झालेल्या घावाची परिगणना. १) सदर खेळ २०१४ च्या नियमांनुसार सुरू असल्याने त्याच नियमांनुसार घाव २९ इतका परिगणित होतो. २) माननीय डी.एम. यांनी उद्धृत केलेला नियम २००३ च्या पुस्तकात अस्तित्वात असून तो अचूक उद्धृत केलेला आहे. ३) कोणताही नियम बदलण्याचे पूर्ण अधिकार डी.एम. यांना आहेत. मात्र असा बदल आदेशाच्या दिनांकापासून पुढे लागू होईल. पूर्वलक्षी प्रभावाने होणार नाही. ४) क्लेरिक यांची प्रकृती लक्षात घेता प्रकरण तातडीचे समजावे. आदेशार्थ सादर.'

यातला क्रमांक दोन महत्त्वाचा. तो बंड्याला लिहायचा नव्हता. "आपण जिंकतोय, मग का?" मी म्हटलं, तोच आधी लिही.

शनिवारी चष्मेवाला आला. त्याची आई गाडी चालू ठेवूनच बाहेर थांबली होती. दहा मिनिटांत परत न्यावं लागेल अशा बेताने. पोराने उभ्याउभ्या टिपणी वाचली. दुसरा मुद्दा दोनदा वाचला. मग तिसऱ्यावर बोट ठेवून मला विचारलं, "म्हणजे मी पुढच्या आठवड्यापासून आग दुप्पट नाही, असा नियम करू शकतो?"

"तुमचे अधिकार आहेत, साहेब," मी म्हटलं.

त्याने खिशातून पेन काढलं आणि खाली सही ठोकली. कुणी न शिकवता डाव्या समासात! मी त्याच्याकडे बघतच राहिलो. असला मुलगा आमच्या शाखेत हवा होता. गाडी निघून गेल्याचा आवाज आला. तो नियम त्याने अजून बदललेला नाही, पण बदलू शकतो एवढ्यावर तो खूश आहे.

ट्रोल कोसळला. त्या मुलीच्या क्लेरिकला कोणीतरी औषधाची बाटली पाजली, ती उठून बसली आणि उठल्याउठल्या तिने ट्रोलच्या प्रेताला सोटा हाणला. नियमाप्रमाणे त्याची काहीच गरज नव्हती. मी चहाला स्वयंपाकघरात आलो.

पुढच्या खोलीत काळोख होता म्हणे. चष्मेवाला म्हणाला, "तू तलवार म्यानात ठेवलीस, म्हणजे ती विझली. परत पेटवायची तर शब्द बोल. पण त्या दिवशी नुसतं 'इग्नाइट' म्हणालास, तसं नको. खरा परवलीचा शब्द पाहिजे. दुसऱ्या कोणाला न कळणारा."

टेबलावर शांतता. आणि बंड्या म्हणाला, "पेट गो बायो."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला.

आमचं घर चिपळूणजवळ. पावसाळ्यात लाकडं दमट. न्हाणीघरातल्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली ही, डोळ्यांतून पाणी, आणि पाचव्या-सहाव्या फुंकरीनंतर चुलीला हात जोडून 'पेट गो बायो, पेट'. बंड्या पाच वर्षांचा असताना एकदाच पावसाळ्यात आला होता. तिच्याशेजारी पाटावर उकिडवा बसून असायचा. धुराने खोकायचा, पण उठायचा नाही. नंतर त्याने तो शब्द कधी काढला नाही, मीही नाही. तलवार मराठीत स्त्रीलिंगीच असते, तेव्हा 'बायो' व्याकरणातही चोख बसतं, हे त्याला माहीत असणं शक्य नाही.

"ही कुठली भाषा?" चष्मेवाल्याने विचारलं.

"माझ्या आजीची," बंड्या म्हणाला. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून ओरडला, "आजोबा, राइट?"

"राइट," मी म्हटलं. एवढंच जमलं.

मग अडचण निघाली ती वेगळीच. नियमाप्रमाणे तलवार विझवायची झाली तर तोच परवलीचा शब्द पुन्हा उच्चारायचा. म्हणजे विझवतानाही 'पेट' म्हणायचं! बंड्या म्हणाला, हे बरोबर वाटत नाही. मी म्हटलं, अजिबात शंका घेऊ नकोस. जी योजना बंद करायची असते तिच्यासाठीसुद्धा आम्ही अंमलबजावणीचाच आदेश काढत होतो. ते त्याला कळलं नाही, पण चिरंजीव वरच्या मजल्यावर हसल्याचं ऐकू आलं.

आता ती मुलगी आली की दारातच मला 'पेट गो बायो' म्हणते. नमस्काराऐवजी. तिचा 'ट' फार कोवळा आहे, त्याने चूल पेटणार नाही. पण मी तिला रोज एक याप्रमाणे टठडढ शिकवतो आहे. बंड्या दुरुस्त्या करतो. त्याचाही 'ठ' काही धड नाही, पण शिकवणाऱ्याच्या जागी बसला की माणसाचा उच्चार आपोआप सुधारतो. दिवसाची वाक्यं मी हल्ली मोजत नाही. बहुतेक तलवारींबद्दलच असतात. काल रात्री साडेअकराला येऊन त्याने विचारलं, की शापित तलवारीचा शाप तिची तपासणी करताना कळत का नाही. मी म्हटलं, कळला तर चार्ज कोण घेईल?

चष्मेवाल्याने परवलीचा शब्द आपल्या वहीत माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतला. खाली त्याने स्वतः एक प्रश्न लिहिला आहे : पुढच्या गुहेतल्या ड्रॅगनला ही भाषा येते का? येत असेल तर तोही तलवार विझवू शकेल का? परवलीचा शब्द ज्याने चार्ज घेतला त्यानेच बोलायचा, असं माझं प्रथमदर्शनी मत आहे. पण ड्रॅगन कुठला, किती वर्षं कुठे होता, हे तपासल्याशिवाय मी सही करणार नाही असं कळवलं आहे. प्रकरण शनिवारपर्यंत प्रलंबित.